मोहाच्या हंगामातला खेकडा

चैतू मडावी त्या दिवशी दारू प्यालेला नव्हता. त्या साऱ्या हंगामात त्यानं एक थेंबही तोंडात घेतला नव्हता. हे मला तेव्हाच कळलं होतं आणि आजपर्यंत मी ते कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तिला एवढंच ठाऊक आहे, की फागुन सरत आला, मोह गळायला लागले, की हा माणूस घरात असून नसल्यासारखा होतो. आल्यागेल्याच्या तोंडाशी वाकून बोलतो. मागल्या वर्षी तिचा भाऊ येऊन गेला. तो गेल्यावर ती म्हणाली, "पावण्याच्या तोंडाशी जाऊन कायले हुंगता जी तुमी? लाज वाटते मले." न बोलण्याची मला फार जुनी सवय आहे.

आमच्या तंत्रशाळेच्या वर्कशॉपमागं मोहाचं एक झाड आहे. ब्रह्मपुरी आता वाढली, धानाच्या बांध्या मोडून घरं झाली, पण या झाडाला कुणी कुऱ्हाड लावली नाही. पहाटे फुलं गळतात. रसानं भरलेली, पिवळट पांढरी, लहान द्राक्षाएवढी. पडताना आवाज होतो न होतो. सकाळी त्यांचा वास गोड असतो. ऊन चढलं की तो जड होतो, आणि उन्हं कलली की तोच वास कुणाच्या तरी तोंडाला येत असल्यासारखा वाटतो. मी वर्कशॉपच्या दारात उभा राहतो आणि माझे विद्यार्थी, शिपाई, चहावाला, सगळ्यांकडं संशयानं पाहतो. मग तो संशय फिरून माझ्याकडं येतो आणि मी आत जाऊन हात धुतो.

गेल्या आठवड्यात एक जीप आली. मालकानं हौसेनं नागपुराहून तिच्या इंजिनाला नवे नळे आणले होते आणि ते बसवून पाहिजे होते. इंजिनातला जळका धूर आधी एका ओतीव लोखंडी पेटीत गोळा होतो आणि तिथून सायलेन्सरकडं जातो. ती पेटी काढायची आणि तिच्या जागी वाकवलेले सुटे नळे लावायचे. प्रत्येक सिलिंडरला आपला नळा, आणि खाली सगळ्या नळ्यांचं तोंड एक. एकाचा धूर दुसऱ्याच्या धुराला आडवा येत नाही. इंजिन मोकळा श्वास घेतं, ओढ वाढते. पोरांनी नळे बसवले, मालकानं गावातून फेरी मारून आणली. मग मी गुडघ्यावर बसलो आणि चालू इंजिनाच्या प्रत्येक सांध्याभोवती तळहात फिरवला. फडक्याची ओली चिंधी सांध्यापाशी धरली, कुठं फडफडते का पाहायला. एवढं करूनही समाधान होईना.

"चालवताना डोकं दुखलं का?" मी मालकाला विचारलं.

"नाई जी. काऊन?"

"मळमळलं? डोळ्यावर झापड?"

तो माझ्याकडं पाहतच राहिला. "मास्तर, तुमी गाडी तपासून राह्यले का मले?"

पोरं हसली. मीही हसलो. हसता हसता माझ्या नाकात तो वास शिरला, आणि वडशाचा लाकडाचा डेपो डोळ्यांपुढं उभा राहिला.

तेव्हा चांदा जिल्हा एकच होता. गडचिरोली त्यातली तहसील, आणि चांद्याला कुणी चंद्रपूर म्हणत नव्हतं. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी नागपूरच्या एका कारखान्यात फिटरचं काम शिकून आलो होतो आणि वडशाला एका जंगल ठेकेदाराच्या डेपोत मिस्त्री म्हणून लागलो होतो. ठेकेदाराला सगळे बाबूजी म्हणत. कुरखेड्याच्या पलीकडं, कोरचीच्या वाटेवर सागवान तुटायचं. ते ट्रकनं वडशाला यायचं आणि छोट्या रेल्वेच्या वाघिणीत भरून पुढं जायचं. पाऊस लागायच्या आत सगळा माल बाहेर काढायचा असे. एकदा नाले भरले की जंगल दिवाळीपर्यंत कुणाला आत घेत नसे.

ट्रक लढाईतला होता, अमेरिकन फौजेनं मागं टाकलेला, लिलावात आलेला. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. त्याची ती धुराची पेटी तडकलेली होती. मी ती वेल्डिंगनं सांधायचो, ती पुन्हा तडकायची. तसा सुटा भाग कुठं मिळत नव्हता. शेवटी बाबूजी नागपूरच्या जुन्या बाजारातून सहा नळ्यांचा एक जुडगा पोत्यात गुंडाळून घेऊन आले. विकणाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं, घाट हसत चढेल.

पोतं उघडलं तेव्हा डोमा क्लीनर जवळ होता. डोमा पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा. हिवाळ्यात दंडारीच्या खेळात लुगडं नेसून नाचायचा तेव्हा मिशा काढायचा, आणि होळीपर्यंत त्या परत वाढवायचा. तो नळ्यांकडं वाकून बघत म्हणाला, "हा खेकडा कायले आणला जी बाबूजी? रस्सा कराचा का?"

तेव्हापासून त्या नळ्यांना डेपोत खेकडा हेच नाव पडलं.

खेकडा आमच्या इंजिनासाठी केलेला नव्हताच. कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचा होता. इंजिनावर बसणाऱ्या पट्टीची भोकं बोटभर इकडं तिकडं होती, ती मी कानशीनं लांबट करून घेतली. शेवटचा नळा ड्रायव्हरच्या पायापुढच्या पत्र्याला लागत होता. मी छिन्नीनं पत्रा कापला, आणि पाहिजे त्यापेक्षा जास्त कापला. मग बोल्ट आवळत आलो. सगळ्यात शेवटचा, केबिनच्या लगतचा, आवळताना हाताला एकदम सैल लागला. पाना फिरला. बोल्टचा खुंट इंजिनाच्या आतच तुटून राहिला होता.

ज्यानं हे काम केलं आहे त्याला तो सैलपणा माहीत असतो. तुटलेला खुंट काढायचा तर इंजिनाचं डोकं उतरवायचं, सगळं काम पहिल्यापासून. तिकडं वाघिणी येऊन लागलेल्या. बाबूजी मागं उभे. "झालं का मिस्त्री?"

"झालं," मी म्हणालो.

त्या कोपऱ्यात मी अस्बेस्टॉसची दोरी ठासली, वरून सफेदा थापला. ट्रक सुरू केला. आधी खोकणारा तो ट्रक आता घुमत होता, एखाद्या मोठ्या जनावरासारखा. बाबूजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेचा मला झालेला आनंद अजून आठवतो, आणि अजून लाज वाटते ती त्या आनंदाचीच जास्त.

ट्रक चैतू चालवायचा. कोरचीकडचा गोंड माणूस, तिशीच्या आतबाहेरचा. लढाईच्या काळात कुठल्याशा फौजी ड्रायव्हरच्या हाताखाली गाडी शिकलेला. बोलायला कमी. बोलला की शेवटी हसायचा, आपण बोललो याची माफी मागितल्यासारखा. त्याच्यावर एक अट होती, आणि ती डेपोत सगळ्यांना माहीत होती, कारण डोमाच्या पोटात काही राहत नसे.

आदल्या वर्षी मोहाच्याच दिवसांत चैतू पिऊन बाजारात पडून राहिला होता आणि इकडं घरी त्याचं तान्हं पोर तापानं गेलं. त्याची बायको सोमी माहेरी निघून गेली. माहेर घाटापलीकडं, दुसऱ्या गावात. पंच बसले. सोमीचा भाऊ सुकरू तिला परत पाठवायला तयार नव्हता. शेवटी पंचांनी ठरवलं, की चैतूनं येणारा मोहाचा हंगाम कोरडा काढावा. फुलं संपून झाडाला टोळी धरली, म्हणजे मोहाची फळं दिसायला लागली, की सोमी नांदायला येईल. इतर वेळी न पिणं ही काही परीक्षा नव्हती. झाडाखाली फूल पडलेलं असताना, घराघरातून भट्टी लागलेली असताना, देवाला पहिली धार घातली जात असताना न पिणं, ही परीक्षा.

आणि तो ती देत होता. देवाच्या पूजेला पळसाच्या पानातून त्यानं धार जमिनीवर घातली आणि पान तोंडाला न लावता खाली ठेवलं, म्हणून गावातले बुढे त्याच्यावर रागावले होते. डोमानं हे डेपोत नक्कल करून दाखवलं. आधी रागावलेला बुढा झाला, मग मान खाली घातलेला चैतू झाला. आम्ही खूप हसलो. चैतूही हसला.

त्या दिवसांतलं जंगल ज्यानं पाहिलं नाही त्याला काय सांगू. पळस विझत आलेला, साग नागडा, आणि मोहाखाली बायका पालापाचोळा जाळून जमीन साफ करताहेत, फुलं वेचायला सोपी पडावीत म्हणून. जिकडं पाहावं तिकडं जमिनीलगत निळसर धूर. धुराला धुराचा संशय येऊ नये असे ते दिवस. वाटा फुफाट्यानं भरलेल्या, पुढं एक बैलगाडी असली तरी मागच्याला काही दिसत नसे. त्या ट्रकच्या केबिनला बाबूजींनी फळ्यांच्या खिडक्या करून घेतल्या होत्या, आणि चैतू त्या धुळीसाठी बंद करून घ्यायचा. डोमा केबिनमध्ये नसायचाच. लाकडं भरली की क्लीनरनं लाकडांवर बसायचं, साखळदंडावर नजर ठेवायची, ही त्या कामाची रीत. तो वर वाऱ्यात बसून गाणी म्हणायचा. आत चैतू एकटा, त्याच्या पायाशी शेवटचा नळा, आणि मी कापलेला पत्रा.

खेकडा बसवल्यावर थोड्याच दिवसांत चैतू डोकं धरून उतरायला लागला. चेहरा लाल, डोळे लाल. पाण्याच्या हौदाशी जाऊन डोक्यावर पाणी ओतायचा. कधी ओकायचा. बोललेलं त्याला उशिरा कळायचं.

"काय गा चैतू, कोनाच्या घरी पावना होता?" हमाल विचारायचे.

"नाई पेलो रे. डोकं दुखते."

"आमचंबी दुखते. दुसऱ्या दिवशी."

त्याच्या कमरेला पळसाच्या पानाचा पुडा असे. आई देत असे, भाजलेला मोह आणि त्यात तीळ. त्याला भूक लागली की तो तेच खायचा. जंगलातल्या घरांत ते अन्न आहे, आपल्याकडं फुटाणे असतात तसं. पण आम्ही डेपोवाले, आम्हाला मोह म्हटलं की एकच गोष्ट सुचायची. त्याच्या तोंडाला, कपड्यांना, केबिनला मोहाचा वास येत होता. धुराचा वास त्याखाली दडून गेला.

कुरखेड्याच्या नाक्यावर जंगलखात्याचा शिपाई लाकडांवरचे शिक्के तपासायचा. तोही आता चैतूचं तोंड तपासायला लागला. "फुंक," म्हणायचा. चैतू फुंकायचा. "येऊन राह्यला ना वास." "फुलं खाल्ली जी, दारू नाई." "फुलंच खाते म्हणे. हरीण हायेस का बे तू?" डोमा हे डेपोत येऊन सांगायचा. सगळे पुन्हा हसायचे. हसण्यानं गोष्ट पक्की होत जाते, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

एक दिवस बाबूजींनी मला पुढं केलं. "मिस्त्री, तुमी हुंगा. तुमी खोटं सांगनार नाई."

चैतू माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं आणि माझ्या डोळ्यांत पाहत हळूच फुंकर मारली. त्याचा माझ्यावर विश्वास होता. मी नागपुरात शिकून आलेला, इंजिनाला काय होतं ते सांगणारा, माणसाला काय होतं तेही सांगेन असं त्याला वाटत असावं.

"वास येते," मी म्हणालो. ते खरंच होतं.

त्या क्षणी मला खुंट आठवला का? आठवला. स्वतःशी तरी आता कबूल करतो. पण तो मी लगेच बाजूला सारला, कारण दुसरं कारण इतकं सोपं होतं. जंगलातला माणूस, मोहाचे दिवस, आधी पिऊन बदनाम झालेला. आणखी काय पाहिजे? मी स्वतःला मोठा न्यायी समजायचो. पण त्याच्या जातीबद्दल, त्याच्या जंगलाबद्दल डेपोत जे बोललं जायचं, ते माझ्याही आत होतंच. मला ते फक्त वापरायचं होतं, आणि ते हाताशी होतं.

मग तो नाल्याचा दिवस आला. घाट उतरून ट्रक एका कोरड्या नाल्याच्या रेतीत जाऊन थांबला. इंजिन चालू, पुढची चाकं रेतीत रुतलेली, चैतूचं डोकं स्टिअरिंगवर. डोमानं वरून हाका मारल्या. उतरून दार उघडलं. श्वास चालू होता, पण माणूस उठेना. तो दिवस बाजाराचा. बाजाराला निघालेली माणसं नाल्यापाशी थांबली, आणि त्यांच्यात सुकरू होता. केबिनमध्ये सीटच्या मागं चैतूच्या आईनं दिलेलं मोहाचं पोतं होतं. दार उघडल्यावर जो वास बाहेर आला तो सगळ्यांनी घेतला. सुकरू तसाच वळून घरी गेला, बाजार न करता.

निरोप आला तसा मी सायकलनं तिथं गेलो. चैतू नाल्याच्या काठी, जांभळाच्या सावलीत बसला होता. ओकून ओकून थकलेला. मला पाहून उठला, पाय लटपटले, पुन्हा बसला. आम्ही रेती उपसली, ट्रक काढला. मी स्वतः चालवायला बसलो. चैतूला डोमाबरोबर वर लाकडांवर बसवलं. पुढं बाजारच्या गाड्या, फुफाटा, म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या.

कुरखेडा मागं पडलं तेव्हा कपाळावर पट्टी आवळल्यासारखं वाटायला लागलं. ऊन असेल, म्हटलं. मग कानशिलं ठणकू लागली. मग रस्ता जवळ येतो आहे की लांब जातो आहे हे कळेना, आणि मुख्य म्हणजे त्याची काळजीही वाटेना. एक गोड सुस्ती. ती मला अजून आठवते. मी खिडकी उघडली ती शहाणपणानं नव्हे, ओकारी आली म्हणून. डेपोत पोहोचून उतरलो आणि चाकाशी बसून ओकलो.

डोमा वरून ओरडला, "मिस्त्री, तुमीबी?"

हमालांना हसू आवरेना. आणि वरून चैतू उतरला. वाऱ्यात बसून आलेला, चांगला ताठ, डोळे निवळलेले. "उतरली याची," कुणी तरी म्हणालं.

मी बॉनेट उघडलं. शेवटच्या नळ्यापाशी, जिथं बोल्ट नव्हता, तिथून काजळीची एक काळी जीभ पत्र्याच्या भोकाकडं गेलेली होती. दोरी जळून राख झालेली, सफेदा उडालेला. मी बोट फिरवलं, ते काळं झालं. पुढं कितीतरी वर्षांनी एका प्रशिक्षणात इंजिनाच्या धुरातल्या त्या वायूचं नाव कळलं. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि तो माणसाला दारू न पाजता झिंगवतो. पण नावाची मला गरज नव्हती. माझं डोकं ठणकत होतं आणि बोट काळं होतं. मला कळलं होतं.

तेवढ्यात चैतू माझ्याजवळ आला. बॉनेटखाली माझ्या शेजारी वाकून उभा राहिला, आणि त्या काजळीकडं न पाहता खाली बघत म्हणाला, "मिस्त्री, एक इचारू का?"

"इचार ना."

"भट्टीत मोह टाकते, खालून जाळ लावते, तं दारू उतरते. मी मोह खातो. माह्या पायाखाली इंजिनाचा जाळ हाये. तं पोटातल्या मोहाची पोटातच दारू होत असन का जी?"

तो थट्टा करत नव्हता. तो किती दिवस यावर विचार करत असेल. आपण प्यालो नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि आपलं अंग प्यालेल्यासारखं वागतं हेही त्याला दिसत होतं. दोन्ही खरं धरायचं तर याशिवाय दुसरा रस्ता त्याला सापडला नव्हता. समोर काजळी होती. मी बोट दाखवायचं, एवढंच काम होतं. पलीकडं बाबूजी कुणाशी तरी बोलत उभे होते.

मी काळं बोट धोतराच्या आत पुसलं आणि म्हणालो, "होत असन. गरमीनं होऊ शकते."

त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. त्याच्या आजाराला कारण मिळालं होतं. "तसंच असन," तो म्हणाला. आणि हसला.

बाबूजींनी त्याला कामावरून काढलं. दुसरा ड्रायव्हर भंडाऱ्याकडून यायला वेळ होता. त्या मधल्या दिवसांत ट्रक उभाच होता, आणि मी इंजिनाचं डोकं उतरवलं. खुंट कोरून काढला, नवा बोल्ट बसवला, पट्टी घासून सरळ केली, पायापुढच्या पत्र्याला चकती मारून भोक बुजवलं. ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं, इंजिनाची साफसफाई. इतकं चांगलं काम मी आयुष्यात दुसरं केलं नसेल. नवा ड्रायव्हर आला, त्याच वाटेनं, त्याच फुफाट्यातून, खिडक्या लावून गेला आणि शिट्टी वाजवत परत आला. डोकेदुखी नाही, ओकारी नाही.

मग चैतू प्यालेलाच होता, याला आणखी काय पुरावा हवा? तो पुरावा मी माझ्या हातानं घासूनपुसून तयार केला होता.

पंच बसले त्याची हकीकत मला डोमानं सांगितली. तो साक्षीला गेला होता. या वेळी त्यानं नक्कल केली नाही. बिडीही पेटवली नाही.

"चैतूनं सगळं सांगतलं जी. पोटात दारू होते म्हने. पंच हासले नाई. एक बुढा म्हने, तोंडानं पेली का पोटात झाली, दारू ते दारू. मंग सोमी उठली."

"सोमी बोलली?"

"बोलली ना. म्हने, तुले कोनं सांगतलं असं? तो म्हने, मिस्त्रीनं. मिस्त्री खोटं बोलत नाई म्हने. तं सोमी म्हने, मंग त्या मिस्त्रीले बलावा. त्याच्या तोंडून आयकू." डोमानं माझ्याकडं पाहिलं. "येत्या बाजारी पुन्हा बसून राह्यले. तुमाले बलावलं जी. चाला."

"पाहू," मी म्हणालो.

बाजाराच्या दिवशी डोमा सकाळी डेपोच्या दारात येऊन उभा राहिला. धुतलेला सदरा घालून. मी ट्रकखाली होतो. मी ट्रकखालूनच सांगितलं, की काम आहे, जमत नाही. मला त्याचे पाय तेवढे दिसत होते. ते बराच वेळ तिथं होते. मग गेले.

त्या दिवशी पंचांनी डोमाला एकच विचारलं, दुसरा ड्रायव्हर त्याच गाडीत बसतो, त्याला काही होतं का? डोमा सरळ माणूस. तो म्हणाला, नाही होत. तिथंच संपलं. सुकरूनं बहिणीला घरी नेलं. पुढं तिचं दुसरं घर झालं. झाडाला टोळी धरली, आणि कुणी कुणाची वाट पाहिली नाही.

डोमा माझ्याशी तुटक झाला. त्याला काही संशय आला होता का, हे मला कधी कळलं नाही. पण बॉनेट उघडं असलं की तो जवळ येऊन, हात मागं बांधून, शेवटच्या नळ्याकडं पाहत उभा राहायचा. विचारायचा काही नाही. त्याच पावसाळ्यात मी वडसा सोडलं.

चैतू मला एकदाच भेटला, बऱ्याच वर्षांनी, वडशाच्या एका राइस मिलच्या फाटकाशी. हमाली करत होता. अंगावर धानाचा कोंडा. आता त्याच्या तोंडाला खरोखरच दारूचा वास येत होता, आणि मी त्याच्या तोंडाशी न वाकताही तो मला आला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "आता तोंडानंच पेतो. पोटात व्हाची वाट पाहात नाई."

आपण बोललो याची माफी मागितल्यासारखा हसला. मी त्याला चहाला चल म्हटलं. तो नको म्हणाला, गाडी भरायची होती. मी तेव्हा सांगू शकलो असतो. फाटकाशी गर्दी होती, हे कारण मी स्वतःला दिलं. पुढच्या हिवाळ्यात तो गेल्याचं कळलं.

सोमीबाई आहेत, हे मी विचारत विचारत काढलं. कुरखेड्याच्या बाजारात चारोळी आणि टोळीचं तेल घेऊन बसतात. केस पिकले, आवाज खणखणीत. मी दर वर्षी या दिवसांत काही ना काही काम काढून तिकडं जातो आणि त्यांच्यापुढं जाऊन उभा राहतो. त्या मला ओळखत नाहीत. त्यांनी मला पाहिलेलंच नाही. यंदा म्हणाल्या, "काय पायजे भाऊ? नुसते उभे कायले राहता?" मी चारोळी घेतली आणि निघालो. बाजूला सुकरू बसला होता, म्हातारा झालेला, गुडघ्यावर हात ठेवून. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं बाजारात रेंगाळणाऱ्या अनोळखी माणसाकडं कुणीही पाहील.

त्यांच्या गावात पंच अजून बसतात. मला तिथं बोलावलं होतं आणि मी गेलो नाही. त्या बाईला आणि तिच्या भावाला मी एक साक्ष देणं लागतो. ती अजून दिलेली नाही.